दहा कोंबड्या, एक कोंबडा: घरी कोंबड्या पाळायला लागताना

पहिल्या वर्षी आम्ही रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून महिनाभराची १२ पिलं घेतली. सगळ्या माद्याच आहेत, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं आणि आम्ही ते मानलं. साडेचार महिने होईतो त्यातली ७ आरवायला लागली. पाच तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, आणि सात नर, तेही एकाच खुराड्यात. तलंगा दिवसभर पळत असायच्या, दाण्याजवळ यायला घाबरायच्या. एका सकाळी त्यातली एक पाठ फाटलेल्या अवस्थेत कोपऱ्यात मेलेली सापडली. सासूबाईंनी तिला उचललं आणि म्हणाल्या, "नराचं काय करायचं ते ठरवूनच पिलं आणायची असतात गं."

त्यांचं ते वाक्य मी नव्यानं कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दाणा, पाणी, लस याबद्दल माहिती सगळीकडे मिळते. नर-मादी एकत्र कशी ठेवायची, याबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि नवख्यांच्या कोंबड्या सगळ्यात जास्त तिथेच हाल काढतात.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

- खुराड्याशिवाय एक वेगळा छोटा पिंजरा. नसेल तर निदान दोन मोठी डालगी (कोंबड्या झाकायच्या टोपल्या)
- बारीक छिद्रांची जाळी. मुंगूस रुंद छिद्रातून सहज आत जातं.
- दाण्याची दोन आणि पाण्याची दोन भांडी
- शिंपल्याच्या चुऱ्यासाठी वेगळी वाटी
- हळद, खोबरेल, चुलीची राख, नखं घासायची कानस
- पायात घालायच्या रंगीत प्लास्टिकच्या रिंगा
- एक वही. लसीची तारीख, कोंबडा कधी आणला, अंडी कधी घातली, सगळं तिच्यात लिहायचं.

पायरी १: कोंबडा हवा का, ते ठरवा

कोंबडी अंडी द्यायला कोंबडा लागत नाही. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना हे पटवताना मला अजून वेळ लागतो, पण तसंच आहे. कोंबडा असो नसो, तलंग वयात आली की अंडं देणारच. कोंबडा लागतो तो त्या अंड्यातून पिलू निघायला.

म्हणून स्वतःला विचारा: मला फक्त खायला अंडी हवीत, की घरचीच पिलं काढून कोंबड्या वाढवायच्यात? फक्त अंडी हवी असतील आणि घर वस्तीत, भिंतीला भिंत लागून असेल, तर कोंबडा आणूच नका. तो पहाटे उजाडायच्या आधी आरवतो आणि दिवसाही आरवतो. त्यावर इलाज नाही. शेजाऱ्यांशी बिनसलं की शेवटी जातात त्या कोंबड्याच. आणायचाच असेल तर शेजाऱ्यांना आधी विचारा.

मोकळी जागा असेल, कोंबड्या परसात आणि रानात चरायला जात असतील, तर चांगला कोंबडा असणं मोठा आधार आहे. घार दिसली की तो एक वेगळाच लांबट आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या क्षणात झुडपाखाली. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आलं की आवाज वेगळा, तुटक आणि सतत. वर्षभरात तुम्हालाही घरात बसून कळायला लागतं की बाहेर काय आलंय. किडा सापडला तर तो स्वतः न खाता कुकुक करून कोंबड्यांना बोलावतो. कोंबड्यांची आपापसातली टोचाटोचीही कोंबडा आल्यावर कमी झालेली आमच्याकडे दिसली.

पायरी २: प्रमाण

८ ते १० कोंबड्यांमागे १ कोंबडा. सुरुवात करणाऱ्यानं इथेच थांबावं.

चार कोंबड्यांत एक कोंबडा ठेवला तर त्याच चौघींवर तो वारंवार चढतो. पाठीवरची, मानेमागची पिसं जातात, कातडं उघडं पडतं. शिवाय प्रत्येक कोंबड्याची एखादी आवडती असते, ती तर पार सोलून निघते. दुसरा कोंबडा ठेवायचा विचार १८ ते २० कोंबड्या झाल्याशिवाय करू नका, आणि तोही एकत्र वाढलेला असेल, जागा ऐसपैस असेल तरच. "जोडी असू दे, एक मेला तर दुसरा" हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात दोघे रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात आणि त्यात कोंबड्यांच्या खाण्यापिण्याचे हाल होतात.

वजनाचाही विचार करा. गावरान कोंबडी सव्वा ते दीड किलोची. तिच्यावर गिरिराज किंवा वनराज जातीचा तीन-साडेतीन किलोचा नर सोडला तर ती दबते, बगलेखालचं कातडं फाटतं. गावरान कोंबड्यांना गावरानच कोंबडा ठेवा.

पायरी ३: पिलं कुठून घ्यायची

राज्य पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी (पुणे), कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. आधी मागणी नोंदवावी लागते, पण जात खात्रीची मिळते. एक दिवसाच्या पिलात नर-मादी मिसळून येतात, साधारण अर्धे अर्धे. म्हणजे २० पिलं घेतली तर १० नर होणार असं धरूनच चाला.

ज्यांना ही कटकट नको, त्यांनी ४ ते ५ महिन्यांच्या तलंगा आणि वेगळा पारखून घेतलेला एक कोंबडा घ्यावा. पैसे जास्त जातात, पण पहिल्या वर्षी मी हेच सुचवीन.

घरची पिलं पुढे काढायची असतील तर दोन-तीन कोंबड्या तरी गावरान हव्यातच. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं, वनराज हैदराबादच्या संशोधन संस्थेनं तयार केलेली जात. अंडी भरपूर, पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. अंड्यांवर २१ दिवस चिकाटीनं बसावं ते गावरान कोंबडीनंच.

पायरी ४: नर लवकर ओळखा आणि वेगळे करा

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असं आमच्याकडे अजून सांगतात. त्यात तथ्य नाही. अंड्याचा आकार ज्या त्या कोंबडीचा ठरलेला असतो. पिलावरून ओळखायचं तर थांबावं लागतं:

- ६ ते ८ आठवडे: नराचा तुरा लवकर वाढतो, लाल होतो. पाय जाड, उभं राहणं ताठ.
- ३ महिने: कमरेवरची आणि मानेची पिसं बघा. नराची लांब, निमुळती, चकाकणारी. मादीची टोकाला गोलसर.
- ४ महिन्यांपुढे: आरवण्याचे प्रयत्न. सुरुवातीला आवाज घशात अडकल्यासारखा येतो.

इथेच आमचं चुकलं होतं. नर तलंगांच्या आधी वयात येतात. तलंग अजून अंडं द्यायला महिना-दीड महिना असतो, तेव्हाच हे तिच्यामागे लागतात. ती बसत नाही, पळते. मग दोघे-तिघे मिळून तिला कोंडतात. म्हणून तुरा लाल दिसायला लागला की त्याच आठवड्यात जादा नर वेगळ्या पिंजऱ्यात काढा. "अजून लहान आहेत" म्हणून थांबू नका. गंमत अशी की नुसते नर एकत्र, कोंबड्या नजरेआड असतील, तर ते बऱ्यापैकी शांत राहतात. भांडणं पेटतात ती समोर कोंबडी दिसली की.

ठेवायचा नर यातूनच निवडा. सरळ बोटं, स्वच्छ डोळे, भरलेली छाती हे तर बघाच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाणा टाकल्यावर तो काय करतो. स्वतः हावरटासारखा तुटून पडतो, की कोंबड्यांना बोलावतो? पंख खाली सोडून कोंबडीभोवती गोल फिरतो, की थेट झडप घालतो? जो बोलावतो आणि फिरतो, तो ठेवा. दिसायला देखणा म्हणून ठेवलेल्या आमच्या एका नरानं तीन कोंबड्यांच्या माना सोलल्या होत्या.

पायरी ५: खुराडं

रात्रीच्या बसण्याला प्रत्येकी दीड ते दोन चौरस फूट जागा. बसायला आडव्या काठ्या, प्रत्येकीला ८ ते १० इंच. काठ्या एकाच उंचीवर लावा. वर-खाली लावल्या की वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी भांडण. अंडी घालायला ४-५ कोंबड्यांमागे एक फूटभर लांबी-रुंदीचा खोका, आत पेंढा किंवा भुसा.

नर-मादी एकत्र असताना खुराड्यात आणि आवारात एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे लपायला जागा. कोपऱ्यात तिरपी लावलेली फळी, कडीपत्त्याचं झुडूप, जुनी बैलगाडीची साटी, काहीही चालेल. कोंबडीला नजरेआड होता आलं पाहिजे. दाण्याची दोन भांडी सांगितली तीही यासाठीच, आणि दोन्ही लांब लांब ठेवा. एक भांडं कोंबड्यानं किंवा दांडग्या कोंबडीनं अडवलं तर दुसरीकडे गरिबांना खाता येतं.

एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवा. त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा-पिसवा स्वतः काढतात.

पायरी ६: नवा कोंबडा कळपात सोडताना

बाजारातून आणला आणि सोडला, असं कधीच करू नका. तो सोबत रोग आणू शकतो, आणि जुन्या कोंबड्या परक्याला मारतात. हो, कोंबड्यासुद्धा मारतात. सहा महिन्यांचा कोवळा नर दोन वर्षांच्या कोंबड्यांत सोडला तर मार त्यालाच बसतो.

१. पहिले दोन ते तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यात दाणापाणी. आधी जुन्यांचं करा, मग त्याचं, आणि हात धुवा. शिंका, पातळ हिरवी विष्ठा, मान टाकणं, तोंडाभोवती खपल्या यावर लक्ष ठेवा.

२. पुढचा आठवडा जाळीपलीकडे. एकमेकांना बघू द्या, टोचू देऊ नका.

३. मग एका रात्री, सगळ्या काठीवर बसल्या की अंधारात त्याला अलगद शेजारी बसवा. सकाळी सगळ्या एकत्रच उठतात, निम्मं भांडण तिथेच टळतं.

४. त्या सकाळी लवकर उठून समोर बसा. थोडी टोचाटोची, पाठलाग होणारच. रक्त दिसलं तर मात्र लगेच वेगळं करा. लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि जखमी पक्षी मरेपर्यंत थांबत नाहीत.

जुना कोंबडा असताना नवा आणायचा असेल तर आधी जुना काढा.

पायरी ७: खाणं

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असतं. कोंबडीला टरफलासाठी ते हवंच, कोंबड्याला एवढं नको आणि वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडांना तर ते बाधतं. मिश्र कळपात सोपी युक्ती अशी: सगळ्यांना वाढीचं साधं खाद्य किंवा मका, ज्वारी, तांदळाची कणी, शेंगदाणा पेंड आणि थोडी सुकट, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला गरज आहे ती कोंबडी बरोबर तिथे जाऊन खाते. कोंबडा सहसा तोंड लावत नाही.

चांगला कोंबडा कोंबड्यांना खाऊ घालता घालता स्वतः वाळतो. महिन्यातून एकदा रात्री त्याच्या छातीचं हाड हातानं चाचपा. धारदार लागलं तर काही दिवस संध्याकाळी त्याला डालग्याखाली वेगळा दाणा द्या.

पायरी ८: आठवड्यातून एकदा अंग तपासा

रात्री काठीवरून एकेकीला उचलून बघणं सगळ्यात सोपं. कोंबडीची पाठ आणि पंखाखालची बाजू बघा. पिसं गेली असतील पण कातडं शाबूत असेल तर जाड सुती कापडाचा चौकोन, पंखांखालून इलॅस्टिक घालून पाठीवर बांधा. पिसं परत येईपर्यंत पाठ झाकलेली राहते. कातडं फाटलं असेल तर हळद आणि खोबरेल लावून तिला वेगळीच ठेवा. जखम पूर्ण भरल्याशिवाय परत सोडू नका.

कोंबड्याच्या पायामागचा काटा वर्षभरात चांगलाच वाढतो. चढताना तोच कोंबडीच्या बरगडीत घुसतो. त्याचं फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा. मुळाशी आत जिवंत भाग असतो, तिथे कापलं तर रक्त थांबत नाही.

कोंबडा माणसावर धावून येत असेल तर लाथ मारू नका. त्यानं तो जास्त चेकाळतो. तुम्ही मागेही हटू नका, जागेवर उभे राहा, आडवी झाडणी धरा. पकडून शांतपणे थोडा वेळ काखेत धरून ठेवला की पुष्कळदा निवळतो. घरात लहान मूल असेल आणि कोंबडा दोन-तीनदा तोंडावर उडाला असेल, तर मात्र तो ठेवू नका. काटा डोळ्याला लागायला एक क्षण पुरतो. लहानपणी मांडीवर खेळवलेले नरच पुढे अंगावर येतात, असं मी दोनदा अनुभवलंय. त्यांना माणसाची भीती उरत नाही.

पायरी ९: अंडी

कोंबडा लागलेलं अंडं खायला चालतं. चवीत, पोषणात फरक पडत नाही. बलकावरचा लाल ठिपका म्हणजे पिलू असा समज आहे. तो ठिपका अंडं तयार होताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचा असतो, आणि कोंबडा नसलेल्या कळपातही दिसतो.

खरी काळजी उन्हाळ्याची. फलित अंड्यात साधारण २१ अंश सेल्सियसच्या वर हळूहळू वाढ सुरू होऊ शकते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या आसपास असताना अंडं दिवसभर खोक्यात राहिलं तर ते लवकर खराब होतं. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंडी गोळा करा आणि माठाशेजारी ओल्या कापडाखाली किंवा फ्रीजमध्ये ठेवा. अंडी विकायची असतील तर मी उन्हाळ्यात कोंबडाच वेगळा ठेवते. कोंबडीच्या पोटात आधीचं राहिलेलं बीज संपेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, त्यानंतरची अंडी जास्त टिकतात.

पिलं काढायची असतील तर:

- कोंबडा सोडल्यावर निदान दहा दिवसांनीच अंडी साठवायला घ्या.
- अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांची. निमुळतं टोक खाली. धुवू नका.
- गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरतात. पाटीत पेंढा, तळाला राख आणि कडुलिंबाचा पाला.
- खुडूक कोंबडीला बाकीच्या कळपापासून दूर, अंधाऱ्या शांत जागी बसवा. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन ताजी अंडी घालतात आणि सगळा हिशोब चुकतो. बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करा.
- सातव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर पिलू आहे. स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका.

सलग दोन वेळा निम्म्याहून जास्त अंडी स्वच्छ निघाली तर कोंबडा म्हातारा झालाय, आजारी आहे किंवा कोंबड्या जास्त आहेत.

पायरी १०: लस

नर काय, मादी काय, मानमोडी (राणीखेत रोग) सगळ्यांना सारखीच नेते. ५ ते ७ दिवसांच्या पिलाला लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस. तारखा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्या. बाटली बहुधा १०० मात्रांची येते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्या. बर्फातूनच आणा. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध.

अचानक एकापाठोपाठ एक पक्षी मरायला लागले तर कापू नका, विकू नका, वाटू नका. दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा पोल्ट्रीच्या जोडीला आसपासच्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

पायरी ११: जादा नरांचं काय करायचं

हे पिलं आणायच्या दिवशीच ठरलेलं हवं. गावरान नराला वर्षातला सगळ्यात चांगला भाव आखाडात येतो. श्रावण लागला की मागणी एकदम पडते, मार्गशीर्षातही तेच. तेव्हा हिशोब उलटा मांडा. नर विकण्याजोगा व्हायला पाच-साडेपाच महिने लागतात, म्हणजे आखाडात विकायचे तर पिलं जानेवारीत निघायला हवीत. कोकणात राखणीसाठी (राखणदार देवाला द्यायला) आणि घाटावर गावच्या जत्रांना कोंबडा लागतो, त्या तारखाही वहीत लिहून ठेवा.

विकताना घेणारा कशासाठी घेतोय ते विचारा. झुंजीसाठी कोणी मागत असेल तर देऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि पायाला काती (धारदार पातं) बांधलेल्या कोंबड्याचे जे हाल होतात ते मी एकदा पाहिलेत.

पायरी १२: दर वर्षा-दोन वर्षांनी कोंबडा बदला

घरच्या कोंबडीची पिलं, त्यातलाच नर पुन्हा तिच्यावर, असं दोन-तीन पिढ्या चाललं की अंड्यात पिलं मरतात, निघालेली खुरटी राहतात. यासाठी पैसे खर्चायची गरज नाही. आमच्याकडे नदीपलीकडच्या वाडीतल्या एका घराशी अदलाबदल ठरलेली आहे. त्यांचा नर आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. प्रत्येक वर्षाच्या पिलांना वेगळ्या रंगाची रिंग घाला, म्हणजे कोण कोणाचं ते दोन वर्षांनीही कळतं. नवा कोंबडा सोडल्यावर पहिले तीन आठवडे अंडी पिलांसाठी बसवू नका, कारण जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकू शकतं. ती अंडी घरात खा, आणि वहीत नव्या कोंबड्याची तारीख लिहा.